अडलेल्या लेखणीची कृष्णाकाठची कहाणी

धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिकेची तयारी सुरू होते आणि लेखांसाठी घरोघरी विचारणा होऊ लागते. अशा वेळी बहुतेक घरांतून एकच उत्तर ऐकू येते, "आम्हांला कुठले लिहिता येते?" उत्तर देणाऱ्या आजींना पन्नास वर्षांपूर्वीच्या सणांची, साथीच्या रोगांची, चर्चच्या पायाभरणीची इत्थंभूत माहिती असते. संध्याकाळी ओट्यावर बसल्या की त्या तासन् तास बोलतात आणि ऐकणारे भान हरपून ऐकतात. परंतु कोरा कागद पुढे आला की तीच वाणी मुकी होते. जे सामान्य माणसाचे, तेच नावाजलेल्या लेखकाचेही. दहा पुस्तके लिहून झालेल्या लेखकाची लेखणीसुद्धा कधी कधी अशी अडते की महिनोन् महिने एक ओळ उतरत नाही.

या अवस्थेला नाव मिळाले ते विसाव्या शतकात. एडमंड बर्गलर या मूळच्या ऑस्ट्रियन मनोविश्लेषकाने १९४०च्या दशकात अमेरिकेत तिचा अभ्यास केला आणि 'लेखकाचा अवरोध' हा शब्दप्रयोग रूढ केला. तिच्यावरचा आज सर्वाधिक परिचित उपाय पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडला. एल्बो हे स्वतः विद्यार्थिदशेत लेखन अडल्यामुळे हैराण झालेले गृहस्थ. त्यांचा उपाय ऐकताना पोरखेळ वाटतो. घड्याळ लावून दहा मिनिटे लिहीत राहावे. मध्येच थांबू नये, मागे वळून वाचू नये, काही खोडू नये, शुद्धलेखनाची फिकीर करू नये. सुचेनासे झाले तर 'काही सुचत नाही' हेच पुनःपुन्हा लिहावे, पण हात थांबवू नये. यालाच आपण 'मुक्तलेखन' म्हणू. यामागील विचार साधा आहे. आपल्या मनात एक लिहिणारा असतो आणि एक तपासणारा. दोघेही आवश्यक आहेत. मात्र दोघे एकाच वेळी कामाला बसले की तपासणारा लिहिणाऱ्याचा हात धरून ठेवतो. म्हणून आधी लिहिणाऱ्याला मोकळे सोडावे आणि तपासणाऱ्याला मागाहून बोलवावे.

उपायाचे नाव नवे असले, तरी त्यामागील शहाणपण नवे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमचे लक्ष कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांकडे गेले. सातारा आणि सांगली ही नावे आज वेगळी असली, तरी १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच मोडत होता. या दक्षिण साताऱ्याचे 'सांगली' असे नामकरण १९६० साली झाले. या एका नदीखोऱ्यात मराठी लेखणी कशी अडली आणि कशी सुटली, याची एक परंपराच आढळते.

समर्थांच्या परंपरेतील शिकवण

सतराव्या शतकात समर्थ रामदासांचे वास्तव्य चाफळ आणि सज्जनगड या सातारा परिसरातील स्थळी दीर्घ काळ होते. दिवसाकाठी काही ना काही लिहीत जावे आणि सतत वाचीत राहावे, हा उपदेश त्यांच्या नावाने महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. या उपदेशातील 'काही ना काही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. उत्तम लिहावे, अजरामर लिहावे, अशी अट त्यात नाही. रोज लिहावे, एवढेच त्यात सांगितले आहे.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास संपूर्णपणे लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सरळ याव्यात, समास सोडावा, शाई आणि लेखणी यांची निगा राखावी, ग्रंथ शोधून पाहावा, असा तपशील समर्थ तेथे बारकाईने देतात. वरवर पाहता ही कडक शिस्त आणि 'काही ना काही लिहा' ही सूट परस्परविरोधी वाटतील. आमच्या मते तसे नाही. ही दोन वेगळ्या वेळची दोन वेगळी कामे आहेत. रचना करताना वाणी वाहू द्यावयाची आणि प्रत करताना अक्षर न् अक्षर तपासावयाचे. दासबोध समर्थांनी सांगावा आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावा, ही जी परंपरागत प्रतिमा आपल्यापुढे आहे, तिच्यातही बोलणारा आणि लिहून घेणारा असे कामांचे दोन वाटे पडलेले दिसतात. एल्बो यांनी लिहिणारा आणि तपासणारा यांची जी फारकत केली, तिची ही देशी आवृत्तीच नव्हे काय?

सांगलीच्या रंगमंचाचे देणे आणि गमावणे

या कहाणीचे दुसरे पर्व सांगलीत घडले. १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हा नाट्यप्रयोग केला आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. भाव्यांच्या नाटकांची रचना आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. सूत्रधाराने गावयाची पदे तेवढी लिहून काढलेली असत. पात्रांची गद्य भाषणे कोणी लिहीत नसे. कथानक ठाऊक असलेले नट रंगमंचावर उभे राहून प्रसंगानुरूप स्वयंस्फूर्तीने बोलत. देव आपल्या गांभीर्याने बोलत, राक्षस आरोळ्या ठोकीत आणि विदूषक आयत्या वेळी सुचेल तो विनोद करी. अडखळण्याची भीती बाळगणारा मनुष्य तेथे उभाच राहू शकला नसता. लिखित संहितेविना मराठी माणूस रात्रभर बोलू शकतो, हे सांगलीने तेव्हाच सिद्ध केले.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागली. १८८५ साली भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध झाला. त्यात त्यांची पदे सुरक्षित राहिली. नटांची ती हजारो उत्स्फूर्त वाक्ये मात्र हवेत विरून गेली. ती कशी होती, हे आज कोणीही सांगू शकत नाही. जे कागदावर आले ते उरले. जे केवळ ओठांवर होते ते त्या त्या रात्रीबरोबर संपले. ओट्यावर रंगणाऱ्या आमच्या आजींच्या आठवणींनाही हाच न्याय लागू पडतो, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. वाणी मोकळी असणे पुरेसे नाही. ती मोकळी असतानाच कागदावर उतरली पाहिजे.

साताऱ्यातील अपुरे काव्य

वाणीचा मोकळेपणा आणि कागदाची चिकाटी या दोहोंचा संगम एका ख्रिस्ती घरात झाला आणि त्या घराचा एक मुक्काम साताऱ्यात होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यास राहावयास आले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' ही आपली आगळी कल्पना साकार करण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा बंधुसमाज असावा, असे त्यांचे स्वप्न होते. टिळक पंथाने प्रोटेस्टंट असले, तरी त्यांची भक्तिगीते आपल्या उपासनेतही गायिली जातात, त्यामुळे त्यांचा वेगळा परिचय करून देण्याचे कारण नाही.

टिळकांच्या मनात आणखी एक मोठे काम होते. रामायणासारखे ख्रिस्तचरित्रावर एक महाकाव्य मराठीत असावे, म्हणून त्यांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. टिळकांसारखा शीघ्रकवी, ज्याला कविता बोलण्याइतकी सहज होती, तोही या ग्रंथात दहाव्या अध्यायाच्या आसपासच पोहोचू शकला. संपादन, प्रवचने, प्रवास, दरबाराची उभारणी असे व्याप सतत मागे लागलेले होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत देहावसान झाले आणि महाकाव्य अपुरे राहिले.

ते पुरे कोणी केले? मोठ्या विद्यापीठातील पंडिताने नव्हे. ते केले टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या कन्येचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नव्हती. लिहिणे-वाचणे जे काही आले, ते लग्नानंतर. पतीच्या विद्वत्तेपुढे कोणाचीही लेखणी अडावी अशी ही परिस्थिती. घरात अलौकिक प्रतिभेचा कवी, वर व्याकरणाचे आणि वृत्तांचे ज्ञान तोकडे. मनातल्या तपासणाऱ्याला याहून चांगली सबब कोणती मिळाली असती? पण लक्ष्मीबाईंनी ती सबब मानली नाही. वैधव्य, स्थलांतर, संसाराची ओढाताण या साऱ्यांत त्यांनी अध्यायामागून अध्याय रचले. टिळकांच्या दहाएक अध्यायांपुढे साठांहून अधिक अध्याय त्यांनी स्वतःचे जोडले. संपूर्ण 'ख्रिस्तायन' १९३८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रकाशित झाले.

त्याहूनही बोधप्रद आहे ती 'स्मृतिचित्रे'ची जन्मकथा. हे आत्मचरित्र मराठी गद्याचे भूषण मानले जाते. त्याचा आरंभ मात्र एखादा वाङ्मयीन ग्रंथ सिद्ध करावा अशा संकल्पाने झाला नाही. टिळकांच्या चरित्राला साधनसामग्री व्हावी, म्हणून त्यांच्याविषयीच्या आठवणी जमवावयाच्या होत्या. 'आपण पुस्तक लिहीत आहोत' हे दडपण नव्हते. केवळ आठवेल ते सांगावयाचे होते. सोवळे-ओवळे पाळणारे वडील, रागाच्या भरात घर सोडून जाणारा नवरा, पाच वर्षांची ताटातूट, जात सुटतानाची घालमेल, फजितीचे प्रसंग, सारे काही त्या बोलल्याप्रमाणे सांगत गेल्या. भाषा सजविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही आणि म्हणूनच ती भाषा शिळी झाली नाही. १९३४ साली पहिला भाग निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. अखेरचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पूर्ण केला.

योगायोग असा की त्याच १९३४ साली अमेरिकेत डोरोथिया ब्रँड या लेखिकेचे नवलेखकांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. पहाटे उठल्याबरोबर, काही वाचण्यापूर्वी आणि कोणाशी बोलण्यापूर्वी, मनात येईल ते भराभर लिहून काढावे, असा सल्ला तिने दिला. मुक्तलेखनाची ती पूर्वपीठिका होय. नाशिकच्या लक्ष्मीबाईंना या पुस्तकाची वार्ताही नसणार. परंतु 'आधी मोकळेपणाने सांगा, घाट मागाहून पाहू' ही गोष्ट त्यांनी स्वभावधर्माने केली होती.

वहीतली संत

येथे आपल्या वाचकांना लिझ्यची संत तेरेझा आठवल्याखेरीज राहणार नाही. तिचे 'एका आत्म्याची कहाणी' हे पुस्तक जगभर पोहोचले, पण तिने ते लेखिका होण्यासाठी लिहिले नाही. सख्खी बहीण पोलीन ही त्या वेळी मठाची प्रमुख होती. तिने बालपणीच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितले, म्हणून १८९५ साली तेरेझाने एक साधी शाळकरी वही घेतली आणि मठातील कामे व प्रार्थना यांतून उरणाऱ्या वेळात ती लिहीत गेली. शेवटची पाने १८९७ साली क्षयाने जर्जर झालेल्या अवस्थेत तिने पेन्सिलीने लिहिली. तपासण्याचे काम मागाहून पोलीनने केले आणि १८९८ साली पुस्तक निघाले. तेरेझाच्या मूळ वह्यांतील शब्द जसेच्या तसे १९५६ साली लोकांपुढे आले, तेव्हा त्यांतील ताजेपणाने वाचकांना पुन्हा एकदा मोहिनी घातली. लिझ्यच्या मठात काय किंवा नाशिकच्या घरात काय, आरंभ एकाच प्रकारे झाला. घरच्या माणसाने आपुलकीने 'तुला आठवते ते लिही' असे म्हटले आणि लेखणीचे कुलूप उघडले.

सांगलीचे दोन सुपुत्र

अवरोध केवळ नवशिक्यांनाच ग्रासतो असे मात्र नव्हे. वि. स. खांडेकर यांचा जन्म सांगलीचा, १८९८ सालचा. 'क्रौंचवध' ही त्यांची कादंबरी १९४२ साली आली. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या या लेखकाची पुढील कादंबरी 'अश्रू' हिची वाचकांना दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. एवढ्या दीर्घ मौनानंतर दुसऱ्या एखाद्याने कादंबरीचा नाद सोडला असता. खांडेकरांनी कादंबरी लिहिली नाही, तरी लेखणी खाली ठेवली नव्हती. कथा, रूपककथा, लघुनिबंध, प्रस्तावना असे लहान-मोठे लेखन चालू होते. ही सवय जुनी होती. शिरोड्याला शिक्षक असताना ते सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकात वारंवार लिहीत. साध्यासुध्या विषयावर मनात येईल तसे गप्पा मारल्यासारखे लिहिता लिहिताच त्यांचा लघुनिबंध घडला. मोठा प्रवाह आटला असताना या छोट्या झऱ्यांनी जमीन ओली ठेवली. १९५९ साली 'ययाति' प्रसिद्ध झाली आणि तिलाच पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिलेच ज्ञानपीठ. आयुष्याच्या अखेरीस दृष्टी गेली, तेव्हा खांडेकर मजकूर सांगून लिहवून घेऊ लागले.

दुसरे नाव अण्णा भाऊ साठे यांचे. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे त्यांचे जन्मगाव. १९२० साली ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. शाळेशी त्यांचा संबंध जवळजवळ आलाच नाही. मुंबईच्या गिरणगावात आणि झोपडपट्टीत राहून त्यांनी कथा, कादंबऱ्या, लोकनाट्ये आणि पोवाडे विपुल लिहिले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली. शुद्ध, पुस्तकी भाषा येत नाही म्हणून ते थांबले असते, तर वारणाकाठची माणसे मराठी साहित्यात आलीच नसती. आपल्या घरची बोली घेऊन कागदापुढे बसण्याचे धाडस त्यांनी केले, यातच त्यांचे सामर्थ्य आहे.

मर्यादेचे भान

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मुक्तलेखन म्हणजे साहित्य नव्हे. दहा मिनिटांत कागदावर जे उतरते, त्यातील पुष्कळसे भूस असते, दाणे थोडे. ते पाखडावे लागते. समर्थांनी प्रत शोधण्याचा आग्रह धरला, तेरेझाच्या वह्यांवर पोलीनने मेहनत घेतली, लक्ष्मीबाईंच्या आठवणींना देवदत्तांचा हातभार लागला. तपासणारा वैरी नाही. तो वेळेआधी आला तरच घात करतो. तसेच, प्रत्येक मौन हा अवरोध असतो असेही नाही. दुःख ताजे असते तेव्हा मन गप्प राहते आणि त्याला तसे राहू द्यावे. परंतु 'मला लिहिता येत नाही' या समजुतीने आलेले मौन निराळे. ते आपल्याला शाळेने, समाजाने, कधी कधी आपल्याच सुशिक्षित मुला-नातवंडांनी केलेल्या थट्टेने शिकविलेले असते. ते मोडलेच पाहिजे.

आपल्या वह्या

आपल्या ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात. त्यांतून माणूस कधी जन्मला, कधी लग्न झाले आणि कधी मातीआड गेला हे समजते. त्याच्या मधले आयुष्य कसे गेले, हे समजत नाही. विहिरीला पाणी नव्हते तेव्हा काय केले, पहिली मुलगी कॉलेजात गेली तेव्हा घरात कोणती चर्चा झाली, लग्नाच्या आदल्या रात्री कोणती गाणी म्हणत, शेती विकताना आजोबा काय बोलले, हे कोठेही नोंदलेले नाही. ते ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांतील एकेक जण दरवर्षी आपल्यातून निघून जात आहे. भाव्यांच्या नटांची वाक्ये गेली, तशी ही वाक्येही जातील. आपल्या घराघरांतून बोलल्या जाणाऱ्या बोलीही त्यांच्याबरोबर जातील.

म्हणून आमचे सांगणे आहे ते असे. घरात एक वही ठेवावी. रात्रीची प्रार्थना झाली की दहा मिनिटे तीत लिहावे. विषय मोठा नको. 'आमचे जुने स्वयंपाकघर', 'पहिला कम्युनियन', 'पावसाळ्यातली वाट' असा हाताशी येईल तो घ्यावा. बोलतो त्याच भाषेत, बोलतो त्याच क्रमाने लिहावे. ऱ्हस्व-दीर्घाकडे पाहू नये, खोडू नये, त्या दिवशी कोणाला दाखवू नये. ज्यांचे हात थरथरतात किंवा दृष्टी अधू झाली आहे, त्यांनी सांगावे आणि नातवंडांनी कल्याणस्वामींप्रमाणे लिहून घ्यावे. मात्र आजीचे शब्द 'सुधारू' नयेत. महिनाभराने वही उघडून वाचावी. चार ओळी तरी अशा सापडतील की ज्या अन्य कोणालाही लिहिता आल्या नसत्या. त्या चार ओळी वेगळ्या काढाव्यात. लेखाचा आरंभ तेथेच झालेला असेल.

टिळकांसारखा कवी गेला आणि महाकाव्य अपुरे राहिले, तेव्हा ते पुरे करण्याची पात्रता आपल्यात आहे काय, असा विचार करीत लक्ष्मीबाई बसल्या असत्या, तर मराठी ख्रिस्ती समाज एका महाकाव्याला आणि कदाचित 'स्मृतिचित्रे'लाही मुकला असता. पुढच्या स्मरणिकेसाठी कोणी लेख मागावयास दारी आले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी "आम्हांला कुठले लिहिता येते?" असे म्हणण्याऐवजी ती वही पुढे करावी. बाकीचे काम संपादकांनी करावे. ते त्यांचेच काम आहे.